दोरीचं दुसरं टोक

६ मे १९७४, वसमत

पंखा! पंखा! पंखा! सहा विजेचे पंखे मी स्वतः बसवले, तरी गुलाबचंदशेठना छताला तो निजामाच्या वेळचा झुलता कापडी पंखा पाहिजेच. नाटकघर 'जसं होतं तसं' दुरुस्त करायचंय म्हणे. आणि उद्घाटनाला कोण? हैद्राबादची चार केसाळ पोरं, विजेच्या गिटारी घेऊन! शेठचा भाचा त्यांच्यात ड्रम बडवतो ना. जुनी शान अशी राखतात बघा.

खाजा मिया सुतारांनी पंखा टांगला, भिंतीतलं दोरीचं भोकही मोकळं केलं. त्या भोकाबाहेर बसून माझ्या बानं सोळा वर्षं ही दोरी ओढली. नाटकं सगळी ऐकली, पाहिलं एक नाही. पंखेवाल्याची जागा बाहेर, त्यात आमची जात. आत कोण घेतंय!

९ मे

शेठ म्हणाले, "भिवाजी, तुझ्या बापाला फेटा बांधून भोकापाशी बसव. पाव्हण्यांना दाखवू, पूर्वी असं असायचं."

डोकंच फिरलं. म्हणालो, बसवतो. पण आत, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. नाहीतर मेन स्विच तुमचं तुमी जोडा.

शेठ हसले. वायरमनवाचून गिटार वाजत नाही, एवढं त्यांना कळतं. पास मिळाला.

१० मे

बाला पास दिला. वाटलं, डोळे भरतील. कशाचं काय! "काहून भांडलास? ओढली असती की मी. हात अजून धड हायेत."

मी चिडलो. जेवताना भाकरी नुसती मोडत राहिलो. शेवटी ताट सारून बाच म्हणाला, "सोळा वर्षं वारा घातला रे. खाली बसणाऱ्याला तो लागतो कसा, तेवढं न्हाई कळलं."

आता ते कसं कळणार? माझे सहा पंखे फिरत असताना ते कापड कोण हलवणार! ते शोभेला टांगलंय.

११ मे

झोप नाही. काही सुचत नाही.

१२ मे, रविवार

कार्यक्रम दुपारी तीनला. वर पत्रे तापलेले. बा धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत, शेठच्या शेजारी! पहिल्याच गाण्याला खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गाणी इंग्रजी. टाळ्या मात्र सगळे समजल्यासारख्या वाजवत होते. बानं तर मांडीवर ठेका धरला.

तिसऱ्या गाण्याला लाइट गेली. गिटारी मुक्या, पंखे बंद. नुसता ड्रम चालू. घामाच्या धारा लागल्या. मी बोर्डापाशी उभा. ओरडलो, "फ्यूज उडाला! पंधरा मिनिटं लागतील!"

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, मग तो पंखा ओढा की!" झालं! सगळ्यांच्या माना बाच्याकडे वळल्या. शेठचीसुद्धा. बा सवयीचा माणूस, हात खुर्चीला टेकून अर्धा उठलासुद्धा. असा राग आला त्याचा!

पण बा परत बसला. खिशातून पास काढला. म्हणाला, "मला आत बसायची परवानगी हाय, शेठ. तुमी ओढा."

जो हशा पिकला! पाव्हणे पण हसले. शेठ काय करतात, गेले बाहेर. आधी पंखा नुसताच हिसके खात होता. बा आतून ओरडला, "ढील द्या, शेठ, ढील! बैल न्हाई ओढून राहिले तुमी!" मग जमलं. भाच्यानं ड्रमचा ठेका पंख्याबराबर घेतला. बानं टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले. मला तिथं बोर्डापाशी रडूच आलं.

१३ मे

शेठच्या दोन्ही तळहातांना फोड आलेत. दवाखान्यात गेले म्हणे.

बाला चहा पिताना विचारलं, कसा होता वारा? म्हणाला, "लई ग्वाड. आता कळलं, ते लोक नाटकात घोरायचे काहून."

१४ मे

शेठचा निरोप आला: फ्यूज हलका निघाला, आता चांगला बसव.

हलका कसला! रविवारी मीच काढला तो. धडधाकट आहे. अजून खिशातच आहे.