कडं नसलेला डाग

कोरीनवहिनी,

हे तिसरं पत्र. आधीची दोन टपालात पडली नाहीत, हेही पडेलसं वाटत नाही.

लाइम आजाराच्या जागृतीचं वाचनालयातलं चित्र माझं, हे तुला ठाऊक आहेच. गोचीड चावल्यावर कातडीवर उठणारं लाल कडं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या फोटोंत याच आजाराचे, कडं नसलेले नुसते लाल डागही होते. ते मी गाळले. कडं कसं उठून दिसत होतं!

त्या जूनमध्ये ब्लूबेरीचं रान साफ करून तुझा वेंडेल माझ्याकडे आला. गुडघ्यामागचा लाल डाग दाखवत म्हणाला, "बघ गं चित्रकारबाई, हे तुझंच काम का?"

"कडं कुठाय त्यात? कोळी चावला असेल. कामचुकारपणा पुरे, जा लॉबस्टरचे पिंजरे ओढायला."

महिन्याभरात माझ्या भावाचं हृदय बंद पडलं. आजार तिथवर पोचला होता. "कुणाला दाखवेल तर शपथ, हट्टी कुठला," असं तू अजून म्हणतेस, आणि मी मान डोलावते.

आता वाचनालयाची समिती त्याच्या नावाने तेच चित्र पुन्हा छापतेय. मी परवा नवं काढून नेलं, नुसता लाल डाग. सगळे म्हणाले, "लोर्ना, हे बघून काहीच वाटत नाही गं."

मलाही वाटलं नव्हतं.

तुझी नणंद,
लोर्ना