बॅटरीचा काटा

३ मार्च, सोमवार

आज मीटर सरळ तोंडावर खोटं बोलला. तीन वाजता इन्व्हर्टरवर चारही काड्या हिरव्यागार – आणि पाच वाजून दहा मिनिटांनी एक किंकाळी फोडून सगळं बंद!

हल्ली वीज रोज तीन ते सात नसते. तीननंतर शेजारची इमारत आमच्या सौर पॅनेलांवरचं ऊन गिळते. म्हणजे ते चार तास बाबांचं ऑक्सिजनचं मशीन फक्त बॅटरीच्या जिवावर. ऑक्सिजनचा छोटा राखीव सिलिंडर उघडायला धावले, आणि बाबा मलाच धीर देत होते – "हळू. वॉल्व्ह उलटा फिरवते आहेस." पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सदतीस वर्षं काढलेला माणूस. श्वास लागला तरी शिकवणी चालूच.

५ मार्च, बुधवार

वायरमन येऊन गेला. निदान असं – बॅटरी भरते फक्त उन्हावर; सोमवारी सकाळपासून ढग, म्हणून ती भरलीच नव्हती. "मग काड्या?" "बाई, तो मीटर नुसता विजेचा दाब बघतो. चार्जिंग चालू असलं की दाब चढलेलाच. आत माल किती, त्याला काय ठाऊक!"

थोडक्यात, धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान करणारा मीटर. लहानपणी आमच्या संस्कृत पाठशाळेत असल्या अनुमानाला गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. मला प्रत्यक्ष हवं. बॅटरीत गेलं किती, आलं किती, उरलं किती.

६ मार्च

अभ्यास! वार्ताहराला दुसरं येतं काय? तीन मॉनिटर निवडून काढले. पहिला स्वस्त, पण तोही दाबच मोजणारा – त्याच घराण्यातला. दुसरा खरा: 'शंट' नावाचा पितळी ठोकळा बॅटरीच्या ऋण तारेवर बसतो आणि येणारा-जाणारा प्रवाह मोजतो. तिसरा दुसऱ्यासारखाच, शिवाय दिवसभराचा आलेख मोबाईलवर दाखवतो.

धाकटीला फोनवर हे सगळं सांगितलं. अर्धा तास.

"ताई, एवढा विचार तू लग्नाचाही केला नव्हतास."

"केला होता. म्हणून तर झालं नाही."

तिसरा मागवला.

११ मार्च, मंगळवार

मॉनिटर बसला. टक्केवारी शंभर. चार वाजता शंभर. पाच वाजता शंभर. मी हरखले! बाबा खुर्ची ओढून समोर बसले, बराच वेळ आकडा पाहिला, मग बॅटरीच्या तारांवरून बोट फिरवत म्हणाले, "हे पाणी मीटरच्या आधीच बाहेर जातंय."

आणि तसंच निघालं! इन्व्हर्टरची ऋण तार वायरमननं थेट बॅटरीला जोडली होती, शंटला वळसा घालून. मोजणार काय, कपाळ?

१२ मार्च

वायरमननं तार बदलली. "आजोबा, तुम्हीच या लाईनीत या," म्हणाला. बाबा म्हणाले, "मी मुख्य लाईनीतच होतो." दिवसभर खूश. मॉनिटरचा डबा कुठे लावायचा, हा प्रश्नच उरला नाही – त्यांच्या पलंगासमोर, डोळ्यांच्या उंचीवर. पंपघर सुटल्यापासून त्यांच्यासमोर काटा नव्हता. आता आहे. आकडेच आहेत खरं तर, पण ते 'काटा'च म्हणतात.

१३ मार्च, गुरुवार

पहिला खरा दिवस. तीनला शंभर, सातला बत्तीस. मशीन चारही तास चाललं! बाबांना समजावलं, "बॅटऱ्या जुन्या आहेत. पन्नासच्या खाली वारंवार गेल्या तर लवकर मरतात."

"मग पंपघरासारखंच की. अर्धी टाकी राखून ठेवायची. कधी कुठे आग लागेल, सांगता येतं का?"

किती पटकन कळतं या माणसाला!

१४ मार्च

सातला बावन्न.

१५ मार्च

सातला पुन्हा बावन्न. बॅटरी सुधारते आहे की काय! कदाचित तिलाही आपल्याकडे कुणी पाहतंय म्हटल्यावर शिस्त लागली असेल. विद्यार्थ्यांना लागते तशी.

बाबा संध्याकाळी गप्प होते. "हवा जड आहे," म्हणाले.

१७ मार्च, सोमवार

बावन्न. वायरमनला अभिमानानं फोन केला. तो म्हणाला, "बाई, बॅटरी वयानं सुधारत नाही. माणूसही नाही."

उद्धट. पण बोलणं डोक्यातून जाईना.

१८ मार्च

सकाळी प्रथमच मोबाईलवरचा आलेख उघडून नीट पाहिला. ज्याच्यासाठी तिसरा मॉनिटर घेतला, तोच पाहायचा राहिला होता. तीनपासून प्रवाह सतरा अँपिअर. साडेपाचला एकदम साडेतीन. सातपर्यंत साडेतीनच. तेरा तारखेचा दिवस सोडला तर रोज.

साडेतीन म्हणजे माझा कॉम्प्युटर, इंटरनेट आणि एक दिवा. बाकीचे साडेतेरा म्हणजे बाबांचं मशीन.

रोज पाच ते साडेसहा मी पुढच्या खोलीत दार लावून बातमी लिहिते. गावभरचं मला सगळ्यांच्या आधी कळतं. घरातलं कळायला आलेख लागला.

साडेपाचला न सांगता त्यांच्या खोलीत गेले. मशीन बंद. नळी घडी करून उशीजवळ. बाबा उठून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळसर, नजर काट्यावर. आधी मशीन सुरू केलं. मग नळी त्यांच्या नाकाला लावली.

तेच म्हणाले, "सत्तावन्न होते. सातपर्यंत अर्धी राहिली पाहिजे ना."

"कुणासाठी, बाबा?"

"तुझी बातमी साडेसहाला जाते. मध्येच लाईन गेली तर?"

जसं काही मी जगाच्या अंताची बातमी लिहीत होते. आज नगरपालिकेच्या गटारांवर होती.

"बॅटरी मेली तर दुसरी मिळते हो," एवढंच म्हणू शकले.

२० मार्च

नव्या बॅटऱ्यांना आठ दिवस लागतील. तोवर बातमी कचेरीत बसून लिहायची ठरवलं. पाच ते सात बाबांजवळ शेजारच्या नर्सबाई बसतील. त्यांना ताकीद – मशीन बंद करू द्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना मी बिडी सोडायला लावली. हे काय!"

मॉनिटर माझ्या टेबलावर हलवला. बाबांची भिंत उघडी पडली. संध्याकाळभर ते त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

२१ मार्च, शुक्रवार

इन्व्हर्टरवरचा जुना मीटर काढून, तार लांबवून त्याच खिळ्यावर लावला. चार काड्या, हिरव्यागार.

बाबांनी काड्या मोजल्या. मग नळी स्वतःच नाकाला लावली.

"हा खोटं बोलतो, कळतं मला," म्हणाले. "राहू दे. तू लावलायस ना."