जी जास्त थांबली तिला आधी

मी, देवराम सावळीराम निकम, वय वर्षे बासष्ट, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेला अधिव्याख्याता, मूळ गाव देवळा, सध्या राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मूत्रपिंडं गेली आहेत, म्हणून घाई. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणावा असं माझ्याजवळ काही उरलेलंही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. सिडकोतलं माझ्या मालकीचं घर, वरच्या मजल्यासह, माझी अविवाहित मुलगी संध्या हिला पूर्ण हक्काने मिळावं. चिरंजीव दिनेश पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. त्याला घरात हिस्सा नाही. का, ते कलम ४ मध्ये लिहिलं आहे. ते वाचून झाल्यावरही कोर्टात जावंसं वाटलं तर त्याने खुशाल जावं.

कलम २. फंड आणि पोस्टातली ठेव, सगळं संध्याचं. माझ्या तेराव्याला गोडाचं जेवण घालू नये. ते तिलाच रांधावं लागेल.

कलम ३. स्क्रू ड्रायव्हरचा संच दिनेशला. जुना संगणक भंगारात द्यावा. ऑपरेटिंग सिस्टीमचं माझं जाड पुस्तक सहकारी धनराज बच्छाव यांनी १९९६ साली दोन दिवसांसाठी नेलं, ते त्यांनाच राहू द्यावं. ज्या प्राचार्यांनी एका मशीनवर चाळीस पोरं शिकवायला लावली आणि वर निकाल का घसरला म्हणून मेमो दिला, त्यांना मयताला कळवू नये. आलेच तर चहा विचारू नये.

कलम ४. मी चौदा वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम शिकवली. पोरांना सांगायचो, संगणकात राबणारा हात एकच आणि कामं शंभर. कोणाला तो हात कधी द्यायचा, किती वेळ द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे ठरवणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तातडीचं काम आधी, हा त्याचा साधा नियम. पण या नियमात एक खोट आहे. बिनतातडीचं काम कोणी नाकारत नाही. ते रांगेतच असतं. फक्त दर वेळी नवं तातडीचं काहीतरी येतं आणि ते मागे राहतं, कायमचं मागे राहतं. पुस्तकात याला स्टार्व्हेशन म्हणतात, मी उपासमार म्हणायचो. उपायही सोपा आहे. काम जितकं थांबेल तितका त्याचा मान वाढवत न्यायचा, दर फेरीला एक पायरी. म्हणजे कधी ना कधी त्याची पाळी येतेच.

आता माझ्या घराचं. पत्नी १९८८ साली वारली तेव्हा माझी विधवा थोरली बहीण अक्काबाई देवळ्याहून आली आणि तिने माझी दोन्ही पोरं वाढवली. २००० सालच्या भाऊबीजेला मला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "देवा, पोटात गाठ हाय रे. लय दुखत नाय, पण हाताला लागती." डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण काढून टाका.

पुढच्या जूनला दिनेशचा पदवीनंतरचा प्रवेश होता. मग वरच्या मजल्याचा स्लॅब. मग कॉलेजची तपासणी. २००३ ला सिंहस्थ आला आणि स्नानाला येणारं अर्धं देवळा आमच्या घरी उतरलं. दोन महिने ती पोळ्या लाटत होती, मधूनच पोट धरून भिंतीला टेकत होती. मी ते पाहिलं. पाहून कॉलेजात गेलो. त्याच सत्रात वरचा उपासमारीचा प्रश्न सहा गुणांना काढला, आणि एका पोराने उत्तर इतकं नेटकं लिहिलं की मी सहापैकी सहा दिले.

मी अक्काला एकदाही नाही म्हटलं नाही. "एवढं झालं की करू," हेच म्हणत आलो. दिनेशचं लग्न झालं, त्यानंतर नेलं. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरांनी मला विचारलं, इतके दिवस का थांबलात? खाटेवरून तीच बोलली, "त्येंचं काय नाय, डॉक्टर. मीच म्हणलं, सवडीनं जाऊ." माझ्यासाठी खोटं बोलली. सतरा दिवसांनी गेली. त्या खोट्याची परतफेड कोणत्याही कलमाने होत नाही.

कलम ५. अक्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा वेळेवर मिळाला. कोणी केला, हे मी विचारलंसुद्धा नाही. तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला माझ्या शेजारी संध्या बसते. ती बत्तीस वर्षांची आहे. रांग तीच आहे आणि तिला मीच तिथे उभं केलं. म्हणून घर आणि ठेव तिची. दिनेश, हा तुझ्यावरचा राग नाही. तुझी पाळी दर वेळी आधी लागली, एवढंच.

कलम ६. संध्याची एखादी इच्छा माझ्या हयातीतच पुरी करावी म्हणून ही जागा कोरी सोडली होती. काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. बाप असून माहीत नव्हतं. आज दुपारी तिला विचारलं, "तुला काय हवंय?"

"काहीतरी हवं होतं, अण्णा. आता आठवत नाही," म्हणाली, आणि उतू जाईल म्हणून दूध बघायला गेली.

ही जागा कोरीच ठेवावी. कोणीही भरू नये.

लिहिलेलं सगळं वाचून, समजून, साक्षीदारांदेखत खाली सही केली आहे.

ठिकाण : सिडको, नाशिक
दिनांक : १४ ऑगस्ट २००८

सही : देवराम सावळीराम निकम

साक्षीदार :
१. धनराज काशीनाथ बच्छाव, सहकारी
२. मल्हारी बाबूराव गायकवाड, शेजारी