चटका न बसलेले पाय

प्रिय अण्णा,

गेल्या तीमिदीच्या जत्रेत द्रौपदी अम्मनच्या निखाऱ्यांवरून चालून आल्यावर तू म्हणालास, "वडिवू, चटकाच बसला नाही गं!" गाव म्हणालं, देवीची कृपा. तळव्यांवरचे फोड तूही पाहिले नाहीस. जखम चिघळली आणि तू गेलास.

चटका का बसला नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा मरतात, अक्का. भाजलेलं कळतच नाही. लवकर तपासलं तर गोळ्यांनी आवरता येतं."

माझीही साखर वाढलेली निघाली. त्यांनी माझ्या तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवला. "कळतंय का?"

मी पाय झटकन ओढून घेतला. गुदगुल्या झाल्या, अण्णा. देवीची कृपा ती हीच असेल.

तुझी,
वडिवू