खर्जाच्या रांगेतली जागा

ता. ९ नोव्हेंबर

चि. सूनबाईस अप्पांचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं ठीक. तुझ्या सासूचा गुडघा कुरकुरतो, ती माझ्यावर कुरकुरते, आणि मी कुणावर कुरकुरू म्हणून चर्चच्या क्वायरला गायला जातो. बटणने काढलेलं माझं चित्र पोचलं. टक्कल फारच मन लावून रंगवलंय माझ्या नातीने. फ्रीजवर लावलंय, त्यामुळे दूध काढायला गेलं की मीच माझ्याकडे रागाने बघतो.

फोन का करत नाही, असं विचारलंस. अगं, फोन हातात आला की माझं डोकं रिकामं होतं. 'बरं, ठेवू का?' याच्यापलीकडे मला काही सुचत नाही. पत्रात निदान खोडता येतं.

आता क्वायरची खबर. बाईंनी यंदा परत ती मोठी प्रार्थना काढली आहे, मृतांच्या शांतीसाठीची. तू आणि लंब्या क्वायरमध्ये होतात तेव्हा बसवली होती तीच. त्यानंतर कुणी तिचं नावही काढलं नव्हतं, आणि का, ते मला माहीत होतं. या वेळी बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "अप्पा, काढू या का?" सगळ्यांसमोर विचारल्यावर माणूस काय म्हणणार? म्हटलं, काढा.

तालीम तिथेच, शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत. डिंकाचा वास तोच, बाकं तीच, पोरांच्या मापाची, गुडघे हनुवटीला लागतात. बाई अजून विणायच्या सुईनेच ताल धरतात आणि चुकलं की तीच सुई रोखतात. लॅटिन शब्द मी आपल्या अक्षरांत लिहून घेतलेत. अर्थ बाईंनी फळ्यावर लिहिला होता. शेवटचा शब्द 'शांती' आहे म्हणे, आणि तो गाताना आमचा घसा फाटायची वेळ येते.

उंच स्वराच्या बायकांत तुझ्या जागी आता एक नर्स आली आहे. आवाज चांगला आहे. तुझ्यासारखी वरच्या स्वरात शिरताना लाजत नाही, सरळ धडकते. आम्ही खर्जवाले मात्र तीनच उरलो. मी, पोस्टमन आणि एक नवा, बेकरीवाला. हा गडी पिठाच्या पोत्याएवढा, स्वभाव लोण्याचा, आणि सूर हमखास केसभर खाली. त्याला ते सांगितलं तर म्हणतो, "काका, केसभरच ना?"

तर बाईंनी या बेकरीवाल्याला माझ्या डाव्या हाताला उभं केलं. मी म्हटलं, तिथे नको. बाई म्हणाल्या, "अप्पा, रांगेत भोक दिसतंय." मी म्हटलं, दिसू दे. पोस्टमनने खोकल्याचं निमित्त केलं. मग बेकरीवाला स्वतःच एक पाऊल पलीकडे सरकला, आणि तेव्हापासून माझ्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी असते. मला कुणी काही बोलत नाही. सगळे फार समजूतदार झालेत आणि त्याचाच मला वैताग येतो.

बरं. पत्र लांबलं. तू पुन्हा लग्न करते आहेस ते वाचलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, शांत आहे, बटणला शाळेत सोडतो, तेही वाचलं. चांगलं आहे. तरणीताठी पोर तू, आम्हाला विचारत बसायची गरज नव्हती, तरी विचारलंस. तुझी सासू दिवसभर डोळे पुसत होती, पण रात्री जेवताना म्हणाली, बरं झालं.

बटणने त्याला काय म्हणायचं, हे जे तू शेवटच्या ओळीत विचारलंस, त्याचं बघतो.

अप्पा

ता. २१ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र आलं. इतका धीर नाही का धरवत? 'बघतो' म्हणालो होतो ना.

असो. विचारलंच आहेस तर ऐक. बटणने त्याला बाबा म्हटलेलं चालेल का, असं तू विचारतेस. नाही चालणार. लग्न कर, संसार कर, त्याला आमच्याकडे घेऊन ये, मी त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवीन. पण तो शब्द लंब्याचा आहे. माझा पोरगा साडेसहा फूट उंच होता, कामावरच्या जिन्यात धाप लागून बसला तो उठलाच नाही, आणि मागे काय राहिलं त्याचं? कपडे तू वाटून टाकलेस, बरोबरच केलंस. सायकल गंजली. पोरीच्या तोंडचा एक शब्द राहिलाय. तोही देऊन टाकू? ती तेव्हा एवढीशी होती, तिला त्याचा चेहरा तरी आठवतो का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. चष्मेवाला भला असेल. भल्या माणसाला काका म्हणतात. काका म्हणू दे.

तुझ्या सासूला हे पत्र वाचून दाखवलं. तिने पोळपाट आपटला. म्हणाली, "पोरगा तुमच्या एकट्याचाच होता का?" तेव्हापासून चहा माझ्यासमोर येतो, पण बोलणं येत नाही.

तरी पत्र पाठवतोय.

क्वायर ठीक. बेकरीवाला अजून केसभर खालीच.

अप्पा

ता. ८ डिसेंबर

चि. सूनबाईस,

शनिवारी आमचा कार्यक्रम झाला. तू यावंस असं वाटत होतं, पण बोलावलं नाही. मागच्या पत्रानंतर कुठल्या तोंडाने बोलावणार?

चर्च भरलं होतं. म्हणजे गाणाऱ्यांचे नातेवाईक आले होते, आणि थंडीपासून आडोसा म्हणून शिरलेले चारदोन. आम्ही काळ्या कपड्यांत, बेकरीवाल्याच्या कोटाची बटणं जीव मुठीत धरून. तुझी सासू तिसऱ्या बाकावर. माझ्याशी अबोला, पण माझ्या कोटाला इस्त्री मात्र तिनेच केली होती.

पहिले भाग बरे गेले. नर्स जोरात धडकली, पण सुरात धडकली. मग शेवट आला. तुला आठवत असेल, शेवटी बाकीचे एकेक करून थांबतात आणि खर्जवाले एकच सूर धरून राहतात. तो सूर एका छातीत मावत नाही. म्हणून आम्ही श्वास चोरतो. एकाने श्वास घ्यायचा तेव्हा बाकीच्यांनी सूर धरायचा, शेजाऱ्याबरोबर कधी घ्यायचा नाही, मग ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी श्वास घेतलाच नाही. तू उंच स्वरात होतीस, तुला आमच्या रांगेतली आतली गोष्ट माहीत नसेल. माझी आणि लंब्याची खूण होती. आधी तो श्वास घ्यायचा. घेऊन परत सुरात आला की कोपराने मला हळूच ढोसायचा, की अप्पा, मी आलो, आता तुम्ही. मग मी घ्यायचो. वर्षानुवर्षं तसंच. तो ढोसायचाही जोरात, घरी येऊन मी बरगड्या चोळायचो आणि तो हसायचा.

तालमीत मी बाईंच्या सुईकडे बघून श्वास घेत होतो, त्यामुळे कधी अडलं नाही. शनिवारी मात्र मेणबत्त्या होत्या, सूर छान लागला होता, त्या दगडी भिंतींतून परत येत होता, आणि मी डोळे मिटले. छाती रिकामी होत आली. मी वाट बघत राहिलो. मनात म्हणतही होतो, अरे ढोस की लवकर, किती ताणतोस! कानात गुणगुणायला लागलं, पाय हलके झाले, तरी मी धरून होतो, कारण खूण आली नव्हती.

मी विसरलो होतो, सूनबाई. तो नाही हे मी विसरलो होतो. किती वेळ कोण जाणे. तो गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग आवाजच तुटला माझा. गुडघे वाकले. आणि त्या मोकळ्या जागेत बेकरीवाला आला. एक पाऊल टाकून सरळ आला, माझ्या दंडाखाली हात घातला, मला उभं धरलं आणि सूर सोडला नाही. केसभर खाली होता. पण सोडला नाही. मी मासोळीसारखा तोंड उघडून श्वास घेतला, एक घेतला, दोन घेतले, आणि परत सुरात शिरलो. बाईंनी सुई खाली केली तेव्हा आम्ही तिघेही सुरात होतो.

ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही म्हणतात. तुझ्या सासूला कळलं. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. त्याआधी बेकरीवाला आला होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. म्हणाला, "काका, माफ करा. तुमच्या मुलाच्या जागेवर पाय ठेवला मी." मी नुसतं त्याच्या खांद्यावर थापटलं, तर कोटाचं एक बटण उडालंच.

हे सगळं लिहून इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण काल तुझ्या सासूने फोन लावला आणि मला काही कळायच्या आत माझ्या कानाला चिकटवला. पलीकडे बटण. तू बाजारात गेली होतीस. मी 'बरं, ठेवू का' म्हणणार होतो, तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात तुझी सासू म्हणाली, "तिला विचारा, ती त्यांना काय म्हणते."

विचारलं. पोर म्हणाली, "काही नाही म्हणत."

म्हटलं, काका म्हण की.

"म्हटलं होतं आजोबा. पण दुकानात सगळेच काका आहेत. मी काका म्हटलं की सगळेच बघतात."

"मग हाक कशी मारतेस?"

"शर्ट ओढते."

"आणि लांब असले तर?"

"जवळ जाते, मग ओढते."

मला हसू आलं. मग ती सहज, शाळेतली गंमत सांगावी तशी सांगत सुटली, की परवा आई नव्हती तेव्हा दुकानामागच्या न्हाणीघराची कडी अडकली, आणि दिवाही गेला. मी विचारलं, मग ओरडली नाहीस? म्हणाली, "कुणाला ओरडू? काय म्हणून ओरडू?" गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळाने चष्मेवालाच शोधत आला, त्याने कडी उचकटली आणि तिला उचलून घेतलं. "ते पण घाबरले होते आजोबा," असं म्हणाली.

फोन तुझ्या सासूने काढून घेतला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

माझी नात अंधारात बसून राहिली, सूनबाई. दाराबाहेर माणूस होता आणि तिच्याजवळ त्याच्यासाठी हाक नव्हती. ती हाक मी अडवून धरली होती. कुणासाठी? लंब्या असता तर त्याने दार फोडलं असतं आणि मग मला फोडलं असतं.

मागचं पत्र फाडून टाक. तू जपून ठेवणारी आहेस, म्हणून मुद्दाम सांगतो, फाड.

मला आनंदाने सांगता येत नाहीये, ते खोटं लिहीत नाही. काल रात्रभर तो शब्द दुसऱ्या माणसासाठी मनात म्हणून बघितला. दर वेळी पोटात तुटतं. तुटेल काही दिवस, तू लक्ष देऊ नकोस. लग्नाला मी येईन, मागच्या रांगेत बसेन, आणि डोळे पुसताना दिसलो तर चष्मेवाल्याला सांग, म्हाताऱ्याचा नंबर बदललाय, नवा चष्मा करून दे.

हे पत्र पोचेल त्या दिवशी बटण शाळेतून आली की तिला जवळ घे आणि सांग, आजोबांनी निरोप दिलाय. शर्ट ओढायचा नाही. मोठ्याने हाक मारायची, बाबा म्हणून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. पहिल्यांदा हाक मारेल तेव्हा तुला रडू येईल. येऊ दे. तिच्यासमोर नको.

तुझी सासू उशा शिवतेय, दोन मोठ्या, एक छोटी. नको म्हणू नकोस, ती ऐकणार नाही.

तुला खूप आशीर्वाद. बटणला एक पापा. आणि तिच्या दोन्ही बाबांना माझे आशीर्वाद.

तुझा,
अप्पा