ज्या कॉलेजला आपण नाक मुरडलं

सॉल्टपाँड, रविवार

प्रिय एफुआ,

तुझा निरोप मिळाला. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आणि तू आईच्या पसंतीचं अक्राचं कॉलेज नक्की करते आहेस. काल त्यांचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं आणि मला अक्षरशः शिसारी आली. गुळगुळीत कागद, टाय लावून हसणारी पोरं, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘मानसशास्त्र शिका, बड्या कंपन्यांसाठी माणसं निवडा’! चार वर्षांत एकाही आजारी माणसाचं तोंड बघायचं नाही. शी! याला शिक्षण म्हणायचं?

केप कोस्टच्या कॉलेजला आपण तिघींनी मिळून नाक मुरडलं. तिथे तिसऱ्या वर्षी मानसशास्त्राच्या मुलांना सहा आठवडे प्रार्थनेच्या छावणीत पाठवतात. वेडे म्हणून घरच्यांनी सोडलेल्यांना पास्टर जिथे बांधून ठेवतो, तिथे. तू म्हणालीस, “ताई, तिथे मुताचा वास येतो म्हणे, ईऽऽ!” मी लगेच म्हटलं, “मग नकोच गं बाई.” आईने तर हातातली माशांची टोपलीच आपटली. “माझी पोर त्या घाणीत पाय टाकणार नाही!” आई इतकी ओरडली की शेजारची मावशी भिंतीवरून डोकावली. तुला वाटलं, केवढी काळजी आहे आईला!

माझं लग्न ठरलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. पाहुणे मागणी घालायला, ‘दार ठोठावायच्या’ रिवाजाप्रमाणे जिनच्या बाटल्या घेऊन आले, एवढंच तुला आठवत असेल. त्याआधी माझी आत्तेसासू आपल्या गल्लीत तीन दिवस घरोघर सुके मासे विकत घेत हिंडत होती. मासे कसले घेतेय, चौकशी करत होती! या घरात कुणाला वेड आहे का, कुणाला फिट येते का? असं विचारल्याशिवाय आपल्याकडे मुलगी करतो कोण? पण आई तिच्या वरचढ. तिने आठवडाभर आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं, “आमचा कोबिना इटलीला गेला.” तुलाही तेच सांगितलं. दादा फोन का करत नाही, असं तू विचारायचीस तेव्हा मीच म्हणायचे, “कागदपत्रं नाहीत ना त्याच्याकडे, लपून राहतो बिचारा.” नाताळला त्याच्याकडून येणारे फ्रॉक मी मँकेसिमच्या बाजारातून आणायचे. ते घालून तू गल्लीभर मिरवायचीस आणि मी टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांची मला आज किळस येते.

कोबिनादादा इटलीला कधीच गेला नाही. त्याला आवाज ऐकू यायला लागले होते. “तापाचं इंजेक्शन घेऊन येऊ,” असं सांगून आई आणि मी त्याला त्या छावणीत नेलं. गाडीत त्याचा हात मी धरला होता. त्यांनी त्याच्या पायात साखळी घातली तेव्हा मी नाकाला रुमाल लावला आणि मागे न बघता निघाले. पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं. अकरा वर्षं झाली. तू सहा आठवडे तिथे गेलीस तर तो तुला भेटेल, म्हणून आई ओरडली, आणि म्हणूनच मीही ‘नको’ म्हटलं. गेल्या गुरुवारी मी तिथे गेले. तो आंब्याखाली बसला होता, साखळी तशीच. केप कोस्टची एक विद्यार्थिनी त्याच्याजवळ जमिनीवर बसून त्याची नखं कापत होती. तिच्या नाकाला रुमाल नव्हता. दादाने मला लगेच ओळखलं. रागावला नाही गं. म्हणाला, “आरबा, आपली धाकटी अजून अंगठा चोखते का?” उद्या मी आईला सांगून त्याला आणायला जाणार आहे. पास्टर सोडेल की नाही, नवरा मला घरात घेईल की नाही, ठाऊक नाही. कॉलेज तुझं तू निवड. अक्राचं घेतलंस तरी मी रागावणार नाही. फक्त त्या वासाला शी म्हणून निवडू नकोस, एफुआ. तो आपल्या दादाचा वास आहे.

तुझीच,
इटलीचे फ्रॉक पाठवणारी
आरबा