गोंदाने चिकटवलेला बांबू

गुरुवार, फरीदाबाद

आज वर्गात मी बोलायला नको होते का? घरी येईपर्यंत हाच विचार चालू होता.

शाश्वत डिझाइन या माझ्या विषयासाठी पर्यावरणपूरक वस्तू घडवा, असे विद्यार्थ्यांना सांगितले होते. सिमरनने टेबलावरचा दिवा आणला. प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर बांबूचे सुबक कवच. विभागप्रमुख सर खूश झाले. "बहुत बढ़िया. एग्ज़िबिशन में यही जाएगा." मी मात्र बांबू आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या गोंदाकडे पाहत राहिले. दोन्ही सुटे होणार नसतील, तर दुरुस्तीही नाही आणि पुनर्वापरही नाही.

गप्प बसणे मला सहज जमते. तरीही विचारले, "सिमरन, अंदर का बल्ब खराब हुआ, तो इसे खोलोगी कैसे?"

"मॅम, खोलना किसको है? नया ले लेंगे." सगळा वर्ग हसला.

हसत हसत तिनेच कवच ओढून पाहिले. गोंद सुटला नाही, बांबू चिरला. सर बाहेर निघून गेले.

तिला एकटीला बोलावून सांगता आले असते. पण सरांनी दिवा निवडलाच होता; मग तो गोंद माझ्याच विषयाच्या नावाने प्रदर्शनात मिरवला असता. आणि तरी, तो चिरण्याचा आवाज...

तास संपल्यावर सिमरन दाराशी थांबली. "मॅम, मेरा पीस तो गया. अब स्क्रू वाला बनाऊँगी. संडे को वर्कशॉप खुलवा दीजिए, और आप भी आइए."

मी हो म्हटले. कार्यशाळेची किल्ली सरांकडे असते. बोलावल्याशिवाय त्यांच्या खोलीत मी आजवर गेलेले नाही. उद्या जाईन.